वाड्याचा पाया आणि मुक्ताचा निबंध

पुण्यात बुधवार पेठेत, दगडूशेठ हलवाई गणपतीच्या समोर भिडे वाडा होता. 'होता' असं लिहायचं कारण म्हणजे ४ डिसेंबर २०२३ च्या रात्री, पोलीस बंदोबस्तात, तो पाडला गेला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, ती या वाड्यात. नंतरच्या काळात वाड्याला खाली दुकानं लागली, भाडेकरू आले, वरचा भाग ढासळत गेला. महापालिकेने तिथे राष्ट्रीय स्मारक करायचं ठरवलं, भाडेकरू कोर्टात गेले आणि प्रकरण तेरा वर्षं चाललं. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने पालिकेच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर काही आठवड्यांतच जेसीबी आला. २९ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते, ऑनलाइन, स्मारकाची पायाभरणी झाली.

एका जुन्या शाळेच्या इमारतीचा हा इतिहास चार वाक्यांत सांगता येतो, आणि बहुतेक वेळा तो तेवढाच सांगितला जातो. दर ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आपल्या फोनवर जे येतं त्यात तीन गोष्टी ठरलेल्या असतात. मुलींची पहिली शाळा, अंगावर फेकलेलं शेण आणि चिखल, आणि वाड्याचा एखादा जुना फोटो. यातलं काही खोटं नाही. पण या तीन गोष्टींत एक माणूस कुठेच दिसत नाही: विद्यार्थिनी. शाळेत जी शिकली, तिने शिकून काय केलं, हे विचारायची वेळ येण्याआधीच आपली पोस्ट संपलेली असते.

मला वाटतं, या शाळेचं खरं बांधकाम आजही उभं आहे. ते बुधवार पेठेत नाही. ते १८५५ सालच्या 'ज्ञानोदय'च्या दोन अंकांत आहे: १५ फेब्रुवारी आणि १ मार्च. लेखिका मुक्ता साळवे, वय चौदा, मांग समाजातली, फुल्यांच्या शाळेची विद्यार्थिनी. निबंधाचं नाव 'मांग महारांच्या दुःखाविषयी'. आकाराने लहान, एका बैठकीत वाचून होतो. पण त्यात पाया आहे, छप्पर आहे, भिंतीबाहेर राहिलेली माणसं आहेत, आणि शेवटी खुद्द शाळेवरच घेतलेली एक शंका आहे. त्या शंकेबद्दल आपण जवळजवळ कधीच बोलत नाही. या लेखाचा विषय तोच.

शाळा म्हणजे वाडा नव्हे

आधी वाड्याचा हिशोब नीट करू. 'भिडे वाड्यातली शाळा' असं म्हटलं की डोळ्यासमोर वर्षानुवर्षं चाललेली, फळा आणि घंटा असलेली शाळा येते. तसं नव्हतं. १८४८ मधली भिडे वाड्यातली शाळा थोडेच महिने चालली. तिच्या नेमक्या तारखेबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पहिल्या पटावर सहा मुली होत्या असं चरित्रांत येतं: चार ब्राह्मण, एक मराठा, एक धनगर. जागा तात्यासाहेब भिड्यांची. फुल्यांचा हा ब्राह्मण मित्र आपला वाडा अशा कामाला देतो, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

पुढे १८४९ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंना वडील गोविंदरावांचं घर सोडावं लागलं. म्हणजे दुसऱ्यांच्या मुलींना बसायला जागा मिळवून देणाऱ्या जोडप्याला स्वतःची राहायची जागा राहिली नाही. गंज पेठेत उस्मान शेख यांच्याकडे त्यांना आसरा मिळाला. मग काम पुन्हा उभं राहिलं ते ३ जुलै १८५१ ला, बुधवार पेठेतच, पण अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात. १७ सप्टेंबर १८५१ ला रास्ता पेठेत दुसरी शाळा, १५ मार्च १८५२ ला वेताळ पेठेत तिसरी. वेताळ पेठ म्हणजे आजची गुरुवार पेठ. याच सुमारास महार-मांग मुलांसाठीच्या शाळाही सुरू झाल्या.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर वेगळा आणि त्यावर चालणारी सेवा वेगळी. मशीन बदलतं, बंद पडतं, दुसऱ्या जागी हलवलं जातं. सेवा चालू राहिली की नाही, हा खरा प्रश्न असतो. फुल्यांची शाळा चार वर्षांत चार पत्त्यांवर दिसते. तिचा पत्ता बदलणं हा अपघात नाही, तो तिच्या इतिहासाचा गाभा आहे. जागा मित्राची किंवा भाड्याची, पैसा वर्गणीचा, विरोध घरातून आणि गल्लीतून. अशी शाळा एका वाड्यात बसवून ठेवली की तिचा इतिहास आपण स्थिर करून टाकतो, आणि त्या स्थिर चित्रातून मुक्ता आपोआप बाहेर पडते.

कारण साधं गणित आहे. निबंध छापला तेव्हा मुक्ता चौदा वर्षांची होती आणि तिचं शिक्षण तीन वर्षांचं होतं. म्हणजे ती शाळेत आली असेल ती साधारण १८५२ मध्ये. तोवर भिडे वाड्यातला वर्ग बंद होऊन काळ लोटला होता. सोशल मीडियावर 'भिडे वाड्याची विद्यार्थिनी मुक्ता साळवे' असं सर्रास लिहिलेलं दिसतं. हेतू चांगला असतो, पण परिणाम उलटा होतो. ज्या मुलीच्या निबंधाचा सगळा रोख 'आम्हाला तुमच्या इमारतींत जागा नव्हती' हा आहे, तिला आपण न विचारता एका इमारतीत नेऊन बसवतो.

'पहिली'चा हट्ट

भिडे वाड्याबद्दलचं जवळजवळ सगळं लेखन 'पहिली' या एका शब्दावर उभं आहे. हा शब्द वाटतो तितका भक्कम नाही. अमेरिकन मिशनऱ्यांनी मुंबईत मुलींची शाळा १८२४ मध्ये काढली होती. अहमदनगरला मिस फरार यांची शाळा होती, आणि ती पाहूनच जोतीरावांना प्रेरणा मिळाली. म्हणून आपण 'भारतीयांनी काढलेली पहिली' अशी दुरुस्ती करतो. मग बंगालमधले लोक बारासतचं नाव घेतात. तिथे मुलींची शाळा १८४७ मध्ये सुरू झाली होती. मग आपण आणखी एखादं विशेषण जोडतो. असं करत करत शेवटी हातात उरतं ते एक लांबलचक विशेषण आणि त्याला लटकलेला एक वाडा.

हा वाद बिनमहत्त्वाचा आहे असं मी म्हणत नाही. ज्यांच्या कामाची नोंदच घेतली गेली नाही, त्यांच्यासाठी 'पहिली' हा शब्द हक्क मागण्याचं हत्यार असतो, आणि फुल्यांच्या बाबतीत तो तसाच वापरला गेला. पण शाळेची थोरवी तारखेवर टांगली की तारीख हलली तर थोरवीही हलते. उलट असं विचारून पाहा: १८५० च्या दशकात हिंदुस्थानातल्या कुठल्या शाळेतून, शिकवायला लागल्यापासून तीन वर्षांत, एका अस्पृश्य मुलीचं स्वतःच्या नावाने छापलेलं, राजा, धर्म आणि शिकलेले लोक या तिघांनाही जाब विचारणारं लेखन बाहेर आलं? हा प्रश्न 'पहिली' या शब्दावाचूनही उभा राहतो.

आणि मुक्ताचा निबंध एकटा नाही. १८५४ मध्ये सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह आला. १८५५ मध्येच जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं: जोशीबुवाने फसवलेलं एक कुणबी जोडपं, त्यातली बाई गरोदर, आणि शेवटी शिकायला निघालेले ते दोघं. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारलं आणि ते छापून यायला १९७९ उजाडावं लागलं. शिक्षिका, शिक्षक आणि विद्यार्थिनी अशा तिघांचं लेखन दीड-दोन वर्षांत. शिकवणारे आणि शिकणारे एकाच वेळी लिहायला बसले आहेत, असं दृश्य आपल्या आजच्या किती शाळांत दिसतं?

पाया

आता निबंधाकडे. मुक्ता सुरुवात देवापासून करते, पण आळवणी करत नाही. ती तर्क मांडते. वेद फक्त आमचे, असं ब्राह्मण म्हणतात. ठीक आहे, मग आम्हाला धर्मपुस्तक नाही हे त्यांनीच मान्य केलं. धर्मपुस्तक नाही म्हणजे धर्म नाही. तर देवा, आमचा धर्म कोणता ते तूच सांग. समोरच्याचंच विधान घेऊन ते त्याच्याच दारात नेऊन उभं करायचं, ही युक्ती वकिलाची आहे. चौदा वर्षांच्या मुलीच्या लेखणीतून ती इतक्या सहज येते की पहिल्या वाचनात आपण फक्त करुणा वाचतो आणि तर्क निसटून जातो.

यानंतर ती इतिहासात शिरते, आणि तिथे इमारती येतात. या लोकांनी आम्हाला आमच्या जमिनींवरून हाकललं आणि तिथे मोठमोठ्या इमारती बांधल्या, असं ती म्हणते. एवढ्यावर थांबत नाही. त्या इमारतींच्या पायात आमच्या माणसांना तेल-शेंदूर पाजून पुरलं जायचं, असं ती लिहिते. गुलटेकडीच्या मैदानावर तालीमखान्यासमोरून जाणाऱ्या मांग-महारांची डोकी उडवून त्यांचा चेंडू केला जायचा, असंही.

हे वाचून आजचा वाचक दोन प्रकारे दचकतो. एक म्हणतो, भयंकर. दुसरा म्हणतो, पुरावा काय? दुसरा प्रश्न चुकीचा नाही. मुक्ताने हे डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि ती जन्मली साधारण १८४१ मध्ये. पण १८५५ पासून १८१८ फक्त सदतीस वर्षं मागे आहे. आपल्याला आईवडिलांच्या कॉलेजचे दिवस जितके जवळ, तितकंच. तिच्या घरात, वस्तीत, ती माणसं जिवंत होती. ती जे लिहिते ती एका समाजाची आठवण आहे, आणि ती आठवण प्रथमच कागदावर येते आहे, तीही त्या समाजातल्याच माणसाच्या हातून. इतिहासकाराने तिची छाननी जरूर करावी. समीक्षकाने मात्र आणखी एक गोष्ट पाहावी: इमारतीचा इतिहास सांगताना ही मुलगी नजर कुठे ठेवते. आपण वाड्याचं वर्णन करतो तेव्हा दिंडी दरवाजा, चौक, सागवानी खांब, महिरपी बघतो. मुक्ता पायाकडे बघते आणि विचारते, इथे कोण आहे?

हे एकदा वाचलं की जुन्या पुण्यातून चालणं थोडं अवघड होतं. बाजीराव रस्त्यावर विश्रामबाग वाडा आहे, दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये इंग्रजांनी तिथे संस्कृत पाठशाळा काढली, ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी. म्हणजे शहरातली आणखी एक जुनी शाळेची इमारत, भिडे वाड्याहून सत्तावीस वर्षांनी थोरली. १६ नोव्हेंबर १८५२ ला त्याच वाड्यात मेजर कँडींच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार झाला. मुक्ता जिथे शाळेत येत होती त्याच शहरात, त्याच काळात, तिच्या निबंधातल्या बाजीरावाच्या वाड्यात तिच्या गुरुजींना शाल दिली जात होती. आज विश्रामबाग वाडा जतन केलेला आहे. गंज पेठेतला फुले वाडाही जपलेला आहे. मधला भिडे वाडा तेवढा गेला. जपणुकीचा हा नकाशा बघून रागवायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं; पण कोणती इमारत राजाची, कोणती राहण्याची आणि कोणती भाड्याची होती, हे त्यात लख्ख दिसतं. भाड्याची गेली.

छप्पर

पायानंतर मुक्ता छपराकडे येते. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं. थंडी, वारा, पाऊस यांत त्यांचं काय होत असेल याचा विचार स्वतःच्या अनुभवावरून करा, असं ती वाचकाला सांगते. आजारी पडलं तर वैद्याला आणि औषधाला पैसे कुठून आणायचे, हेही विचारते. पुढे ती मुलांबद्दल लिहिते. ब्राह्मणांची मुलं दगड मारतात, डोकं फुटतं, पण तक्रार करता येत नाही. कारण उष्टं-खरकटं आणायला त्याच घरी जायचं असतं.

या जागी निबंधाचा आवाज बदलतो. आधी ती राजाशी आणि शास्त्राशी बोलत होती, तेव्हा भाषा युक्तिवादाची होती. इथे ती घरातून बोलते. जोतीरावांच्या लेखनात शोषणाची मोठी चौकट आहे. ती या निबंधातही दिसते. पण बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नसणं ही गोष्ट कुठल्याही चौकटीतून येत नाही. ती पाहिलेल्या माणसालाच सुचते. गुरुजींनी निबंध तपासला असेल, शब्द दुरुस्त केले असतील, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण हे वाक्य तपासनिसाचं नाही.

पाया आणि छप्पर एकत्र ठेवून वाचले की निबंधाची बांधणी कळते. तिच्या लोकांना इमारतीत जागा होती ती फक्त खाली, मातीत. वर, आसऱ्याला, काही नव्हतं. मधल्या भिंती, खोल्या, ओसरी, माजघर, म्हणजे ज्याला आपण घर म्हणतो ते सगळं दुसऱ्यांचं. शाळा या मधल्या जागेत शिरते. बसायला एक खोली, डोक्यावर छप्पर, हातात पाटी. ती खोली कुणाच्या वाड्यात होती हे मग दुय्यम ठरतं. पण खोली होती, हे मात्र फार मोठं ठरतं. वाड्याला मी वर दुय्यम म्हटलं ते याच मर्यादेत.

हजेरी

निबंधाच्या शेवटाकडे मुक्ता आपल्याच लोकांशी बोलते. तुम्ही आजारी आहात, ज्ञान हे औषध आहे, ते घ्या, असं तिचं सांगणं. हा भाग नेहमी उद्धृत होतो, कारण तो भिंतीवर लिहायला सोपा आहे. पण औषधाचा गुण काय येईल हे सांगताना ती जे लिहिते तिकडे फारसं लक्ष जात नाही. शिकलात तर रात्रंदिवस जनावरांसारख्या तुमच्या ज्या हजेऱ्या घेतल्या जातात त्या थांबतील, असं ती म्हणते.

ही सरकारी हजेरी. माणसं पळाली नाहीत ना, कुठे चोरी करायला गेली नाहीत ना, हे बघण्यासाठी मोजदाद. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा. हा निबंध त्याच्या सोळा वर्षं आधीचा. म्हणजे कायदा यायच्या कितीतरी आधी ही प्रथा अंगवळणी पडलेली होती. आणि लिहिणारी मुलगी रोज सकाळी दुसऱ्या एका हजेरीला उत्तर देत होती, शाळेतल्या. एकच शब्द. एका ठिकाणी नाव पुकारलं जातं ते संशयाने, दुसऱ्या ठिकाणी तू आलीस ना हे बघायला. मुक्ताने हा विरोध मुद्दाम रचला असं मी म्हणणार नाही; ती तो जगत होती, एवढंच.

याच ठिकाणी एक आक्षेप घ्यायला हवा. मुक्ता इंग्रज सरकारची स्तुती करते. आता कोणी कुणाला पायात पुरत नाही, आता अंगावर बारीक कापड घातलं तर चोरीचं म्हणत नाहीत, असं ती लिहिते. पण ती हजेरी घेणारं सरकार १८५५ मध्ये कुणाचं होतं? कंपनीचंच. निबंधात ही विसंगती आहे आणि ती झाकायची गरज नाही. जुना जुलूम आठवून नव्या राज्याला दुवा देणारा सूर आणि नव्या राज्यातल्या जुलमाची नोंद, दोन्ही त्याच पानांवर आहेत. चौदाव्या वर्षी तिने हा गुंता सोडवला नाही. पुढच्या कित्येक दशकांत मोठमोठ्यांनाही तो सुटला नाही.

दुसरा आक्षेप नियतकालिकाचा. 'ज्ञानोदय' मिशनऱ्यांचं. हिंदू धर्मावर घाव घालणारं लेखन त्यांना हवंच होतं. 'आमचा धर्म कोणता' हा प्रश्न त्यांच्या पथ्यावर पडणारा होता. हे खरं आहे. पण मुक्ता प्रश्न विचारून थांबते, उत्तर देत नाही. ख्रिस्ताच्या दारात जाऊन उभी राहत नाही. आणि शेवटी ती जे करते ते कुठल्याच प्रचारकाच्या सोयीचं नाही, मिशनऱ्यांच्याही आणि शाळावाल्यांच्याही.

शेवटची शंका

शिका, म्हणजे तुमच्या मनातले वाईट विचार जातील, असं सांगून झाल्यावर मुक्ता एकदम थबकते. हे मी सिद्ध करू शकत नाही, असं ती लिहून टाकते. उदाहरणही देते: शाळेत शिकून तरबेज झालेले, स्वतःला सुधारलेले म्हणवणारे लोकसुद्धा कधीकधी अंगावर काटा येईल अशी वाईट कामं करतात. मग तुम्ही तर काय, मांग-महारच. इथे निबंध संपतो.

हा शेवट मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पान अर्धवट छापलं गेलंय की काय असं वाटलं. आपल्याला शाळेतल्या निबंधांची सवय असते: प्रस्तावना, मुद्दे, आणि शेवटी 'म्हणून आपण सर्वांनी'. मुक्ता तो शेवट लिहिते आणि लगेच त्याखालची जमीन काढून घेते.

शेवटचे ते शब्द कसे वाचायचे यावर एकमत होणार नाही. एका वाचनात तो उपरोध आहे: शिकलेले एवढं करतात, तर तुम्हा बिचाऱ्यांना कसला दोष द्यायचा? दुसऱ्या वाचनात तिथे समाजाने लादलेलं कमीपण तिच्या स्वतःच्या तोंडून बाहेर पडतं. मी पहिल्या वाचनाकडे झुकतो, कारण निबंधभर ती समोरच्याचे शब्द उचलून त्यालाच परत करत आली आहे. वेदांच्या बाबतीत तेच, इथेही तेच. पण दुसरं वाचन पूर्ण पुसून टाकता येत नाही, आणि पुसू नये. अशा जखमा उपरोधाच्या आतही असतात.

महत्त्वाचं हे की शाळेच्या बाजूने लिहिलेल्या निबंधात विद्यार्थिनी शाळेच्या मर्यादेवर बोट ठेवते. शिक्षण माणसाला चांगलं करतंच, हे गृहीतक ती तपासते आणि नापास करते. तिने आजूबाजूला शिकलेली माणसं पाहिली होती. सावित्रीबाईंवर शेण फेकणारे काही सगळे निरक्षर नव्हते. आणि तरीही ती शिका म्हणते. आधी झटून अभ्यास करा म्हणते, मग हमी देत नाही. मला यात फार मोठा प्रामाणिकपणा दिसतो. आपल्या पिढीला शिक्षण विकलं गेलं ते हमीसह: इंजिनीअर हो, आयुष्य मार्गी लागेल. पॅकेज मिळालं. पण ऑफिसच्या चहाच्या टेबलावर आडनाव विचारून माणूस जोखणारे डिग्रीवालेच असतात, आणि वसतिगृहांतून, नामांकित संस्थांतून ज्या बातम्या येतात त्यांतले छळणारेही शिकून तरबेज झालेलेच असतात. मुक्ताने ते १८५५ मध्ये लिहून ठेवलं आहे.

शाळेने तिला हे लिहू दिलं, हे त्या शाळेचं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र. विद्यार्थिनीने शाळेचे गोडवे गायले असते तर फुले चांगले शिक्षक होते एवढं सिद्ध झालं असतं. तिने शंका घेतली आणि ती छापून आली, म्हणून ती शाळा खरी होती असं आपण म्हणू शकतो.

स्मारकात काय लिहायचं

भिडे वाडा पाडायला नको होता, तो डागडुजी करून जपायला हवा होता, असं म्हणणारे आहेत. इतकी जीर्ण वास्तू पाडून नवी उभारणं हाच मार्ग होता, असं म्हणणारेही आहेत. तो निर्णय आता मागे घेता येत नाही. दुर्लक्षाची ती दशकं मात्र आपल्या सगळ्यांच्या खात्यावर आहेत. गणपतीच्या रांगेत उभं राहून समोरच्या वाड्याकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या लाखो माणसांच्या.

नवी इमारत होईल. तिथे पुतळे असतील, तैलचित्रं असतील, 'पहिली शाळा' ही अक्षरं मोठ्या आकारात असतील. असायला हरकत नाही. पण तिथे मुक्ताचा निबंध पूर्ण असावा. ज्ञानाच्या औषधापाशी कापलेला नको. पाया, छप्पर, हजेरी आणि शेवटची शंका, सगळं. जिथे पाया खणताना मंत्र म्हटले जातात, तिथे कुणाला पायात पुरल्याची आठवण वाचायला मिळावी. अवघड वाटेल, पण शाळेच्या स्मारकात एवढं अवघड असायलाच हवं. आणि जमलं तर एक ग्रंथालय असावं, दिवसभर उघडं, आजूबाजूच्या पेठांतल्या मुलींनी येऊन बसावं असं. फुल्यांच्या शाळेतल्या एका मुलीने बक्षीस समारंभात खाऊ-खेळणी नको, शाळेला ग्रंथालय द्या असं म्हटल्याची गोष्ट सांगितली जाते. ती मागणी अजून शिल्लक आहे असं समजायला काय हरकत आहे?

तोवर, स्मारक होण्याची वाट न पाहता एक गोष्ट करता येते. मुक्ताचा निबंध अनेक ठिकाणी उपलब्ध आहे. इंग्रजीत तो सुझी थारू आणि के. ललिता यांच्या भारतीय स्त्रीलेखनाच्या १९९१ मधल्या संकलनात गेला, तेव्हा बाहेरच्या जगाला तो कळला. आपल्याला तो मूळ मराठीत वाचता येतो. फोनवर दहा मिनिटं लागतात. वाचताना एवढंच करायचं: शेवटच्या ओळीला पोचलात की लगेच शेअरचं बटण दाबायचं नाही. शिकून तरबेज झालेले, सुधारलेले म्हणवणारे, असं ती ज्यांना म्हणते, त्यांत आपण येतो का, याचा आधी विचार करायचा.